मोटर वेगासाठी नको, खांद्यासाठी हवी

हाताने चालवायच्या व्हीलचेअरला जोडता येणाऱ्या मोटरी गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही मिळू लागल्या आहेत. कल्पना साधी आहे. आहे ती खुर्ची तशीच ठेवायची, लांब जायचे असेल किंवा चढ असेल तेव्हा मोटरचे चाक तिला जोडायचे आणि काम झाले की काढून ठेवायचे. व्हीलचेअर वापरणाऱ्या हजारो माणसांचे जगणे यामुळे बदलू शकते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती खरेदी करण्याच्या पद्धतीबद्दल. ताशी किती किलोमीटर वेग, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर आणि किंमत किती, हे तीन आकडे जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात आणि घरातली माणसेही दुचाकी घेताना विचारावेत तसे हेच तीन प्रश्न विचारतात. माझ्या मते हे प्रश्न शेवटी विचारायचे आहेत. ज्याला ती मोटर वापरायची आहे त्याचे खांदे आज कसे आहेत आणि पुढची वीस-तीस वर्षे ते टिकवायचे कसे, त्याचा रोजचा रस्ता कोणता, आणि मोटर चालू असताना व बंद असताना खुर्चीवर त्याचा ताबा किती राहतो, हे आधी पाहायला हवे. ही उत्तरे हातात असली की कोणत्या प्रकारची मोटर घ्यायची हे बहुतेक वेळा आपोआप ठरते. ती नसताना घेतलेली महागडी मोटर घराच्या कोपऱ्यात पडून राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे माणसाला इजा करते.

खांद्यापासून सुरुवात करण्याचे कारण शरीररचनेत आहे. माणसाचा खांदा हात सगळ्या दिशांना फिरावा यासाठी घडला आहे, शरीराचे वजन पेलण्यासाठी नाही. ते काम खुब्याच्या खोल, भक्कम सांध्याचे. पाय गेले की हे सगळे ओझे खांद्यावर येते. पलंगावरून खुर्चीत येणे, खुर्चीतून कमोडवर जाणे, बसल्याजागी जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलणे आणि या सगळ्यावर दिवसभर चाके ढकलणे. सपाट जमिनीवर एका ढकलीत खुर्ची साधारण मीटर-दीड मीटर पुढे जाते. म्हणजे दोन किलोमीटर फिरायचे तर साधारण तेराशे ते दोन हजार वेळा तोच सांधा, त्याच दिशेने, त्याच स्नायूंवर राबतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या आणि हाताने खुर्ची चालवणाऱ्या माणसांत खांदेदुखीचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण तीस ते सत्तर टक्के आढळले आहे. आकड्यांत एवढी तफावत आहे, कारण कुणाला विचारले आणि इजा होऊन किती वर्षे झाली होती यावर तो बदलतो. पण यातला सर्वांत कमी आकडा धरला तरी तो भयंकर आहे, कारण या माणसाला खांद्याला विश्रांती देण्याची सोयच नाही. पायावर चालणाऱ्याचा खांदा दुखला तर तो सहा आठवडे हात गळ्यात बांधून कामावर जाऊ शकतो. व्हीलचेअरवरच्या माणसाचा एक खांदा गेला की तो पलंगावरून स्वतःहून उठू शकत नाही आणि शौचालय वापरण्यासाठीही त्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

म्हणूनच अमेरिकेत मज्जारज्जूच्या इजेवर काम करणाऱ्या तज्ज्ञसंस्थांच्या गटाने २००५ साली हात आणि खांदे जपण्यासाठी एक मार्गदर्शिका काढली. अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने त्यासाठी पैसा दिला होता. तिचा गाभा दोन गोष्टींत आहे: प्रत्येक ढकलीला लागणारा जोर कमी करा आणि ढकलींची संख्या कमी करा. त्यासाठी खुर्ची शक्य तितकी हलकी असावी, मागच्या चाकांचा आस तोल न बिघडता शक्य तितका पुढे घ्यावा, हात चाकाच्या सर्वांत वरच्या बिंदूवर ठेवला असता कोपराचा कोन शंभर ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान यावा, इतक्या बारकाईने त्यात सांगितले आहे. ज्यांना दुखापतीचा धोका जास्त आहे त्यांच्याशी मोटरच्या पर्यायाबद्दल बोलावे, असेही त्यात आहे. आपल्याकडे मात्र मोटरचा विचार खांदा पूर्ण निकामी झाल्यावर सुरू होतो. तोपर्यंत स्नायूबंध फाटलेले असतात, शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने हात वापरू नका असे डॉक्टर सांगतात आणि रुग्णाकडे त्या हाताशिवाय दुसरे साधन नसते. दुखणे सुरू होण्याआधी मोटर घेणे म्हणजे आळस किंवा चैन, ही समजूत पहिल्यांदा मोडायला हवी.

किती जोर लागतो याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने मांडता येतो. पासष्ट किलोचा माणूस आणि अठरा किलोची साधी घडीची खुर्ची मिळून त्र्याऐंशी किलो. गुळगुळीत सपाट फरशीवर हे वजन सरकते ठेवायला साधारण सव्वा किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो. बारा फूट लांबीत एक फूट चढणाऱ्या, म्हणजे आपल्या नियमावलीला मान्य असलेल्या उतरंडीवर तोच जोर आठ किलोच्या आसपास जातो. म्हणजे सहापटीहून जास्त. आणि बँकेच्या, दवाखान्याच्या, सोसायटीच्या दारात जागा नाही म्हणून सहा फुटांत एक फूट चढवलेला जो उतार आपण सर्रास पाहतो, त्यावर हा आकडा पंधरा किलोपर्यंत पोचतो. शिवाय तो जोर मध्येच सोडता येत नाही, सोडला की खुर्ची मागे घसरते. खांद्याचे नुकसान करणारे क्षण ते हेच. म्हणून मोटरचा खरा उपयोग सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटर पळण्यात नसून या उतारांवर, खडीवर, जाड गालिच्यावर आणि दमल्यावरच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर आहे. ज्याचा रोजचा दिवस अशा जागांनी भरलेला आहे त्याने मोटर कशी निवडायची, हा पुढचा प्रश्न.

या मोटरींचे ढोबळ तीन प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात मागची दोन्ही चाके काढून मोटर असलेली चाके बसवतात. माणूस चाकाची कडी नेहमीसारखीच ढकलतो, चाकातला संवेदक तो जोर ओळखतो आणि मोटर त्यात भर घालते. जपानच्या यामाहाने आणि जर्मनीच्या आल्बर कंपनीने अशी चाके बनवली आहेत. हातांची हालचाल चालू राहते, लागणारा जोर घटतो, आणि काही चाके उतारावर वेग रोखायला किंवा चढावर मागे घसरू न द्यायलाही मदत करतात. पिट्सबर्ग विद्यापीठातले संशोधक रोरी कूपर स्वतः व्हीलचेअर वापरतात आणि १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकमधले पदकविजेते आहेत. त्यांच्या गटाने २००१ साली अशा चाकांची चाचणी घेतली तेव्हा शरीराला लागणारा प्राणवायू आणि हृदयाचे ठोके दोन्ही कमी झालेले दिसले. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१३ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि हातांवरचा ताण कमी होतो यावर शिक्कामोर्तब केले. पण त्याच आढाव्यात दुसरी बाजूही स्पष्ट लिहिली आहे: पुढची छोटी चाके उचलून मागच्या चाकांवर तोल धरण्यासारखी, अचूक ताबा लागणारी कामे अवघड होतात, आणि वजन वाढल्याने खुर्ची गाडीत चढवणे त्रासाचे होते. ही चाकांची जोडी बारा ते सोळा किलोपर्यंत जाऊ शकते. रिक्षाच्या मागच्या फटीत खुर्ची कोंबून जाणाऱ्या माणसासाठी हा मोठा तोटा आहे.

दुसऱ्या प्रकारात खुर्चीच्या मागे, दोन चाकांमधल्या आसाच्या दांड्याला एक लहान मोटरचे चाक अडकवतात आणि ते मागून ढकलते. अमेरिकेतले स्मार्टड्राइव्ह हे त्याचे सर्वांत माहीत असलेले उदाहरण. त्याचे वजन सहा किलोच्या आसपास असते, खुर्चीची लांबी-रुंदी फारशी वाढत नाही, त्यामुळे लिफ्टमध्ये आणि ऑफिसच्या टेबलाखाली अडचण होत नाही. पण हे चाक फक्त पुढे ढकलते. वळवायचे आणि थांबवायचे हातानेच, चाकाच्या कडीवर तळवे दाबून. उतारावर ते ब्रेक लावत नाही. ज्यांची बोटे नीट मिटत नाहीत त्यांना, म्हणजे मानेच्या मणक्यात इजा झालेल्या अनेकांना, हे साधन चढावर वरदान वाटेल आणि उतारावर धोक्याचे ठरेल. तिसरा प्रकार पुढे जोडायच्या मोटरचा: हँडल, ब्रेक, अॅक्सिलरेटर आणि एक मोठे चाक. ते जोडले की खुर्चीची पुढची छोटी चाके जमिनीपासून उचलली जातात आणि खुर्चीची तीनचाकी होते. आपल्या रस्त्यांसाठी हा गुण फार मोलाचा आहे, कारण व्हीलचेअर उलटते ती अनेकदा पुढचे छोटे चाक खड्ड्यात, गटाराच्या जाळीत किंवा पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकून. मोठे चाक तिथून सहज पार होते. मात्र तीव्र चढावर माणसाचा भार मागच्या चाकांवर सरकतो, पुढचे मोटरचे चाक हलके पडते आणि ओल्या फरशीवर जागेवरच फिरते. पावसाळ्यातल्या गुळगुळीत उतरंडीवर हा अनुभव जीवघेणा ठरू शकतो. शिवाय खुर्चीची लांबी इतकी वाढते की जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही आणि पदपथाच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमधून वळत नाही.

यातला सर्वांत चांगला प्रकार कोणता, असे विचारण्यात अर्थ नाही. ज्याचा दिवस एकाच मोठ्या आवारात जातो, महाविद्यालयात, रुग्णालयात किंवा कंपनीत, त्याला मागचे छोटे चाक किंवा मोटरची चाके पुरतील. ज्याला घरापासून तीन किलोमीटरवरच्या दुकानात डांबरी रस्त्याने रोज जायचे आहे, त्याला पुढची मोटर हवी. आपल्याकडे त्या दुसऱ्या माणसाने आजवर जो पर्याय वापरला आहे तो म्हणजे बाजूला जादा चाके बसवलेली स्कूटर. तिने महाराष्ट्रात असंख्य लोकांना नोकऱ्या करू दिल्या आणि तिचे ऋण मोठे आहे. पण जे कुबड्यांवर दोन पावले टाकू शकतात त्यांच्यासाठी ती जितकी सोयीची, तितकी पूर्णपणे व्हीलचेअरवर असलेल्यासाठी नाही. स्कूटरवर बसताना खुर्ची मागे राहते. बँकेच्या दारात पोचल्यावर तो माणूस स्कूटरवरच बसून राहतो आणि कारकुनाने बाहेर यावे म्हणून निरोप पाठवतो. हॉटेलात, नाट्यगृहात, मुलाच्या शाळेत पालकसभेला गेला तर दारापर्यंतच. जोडमोटरीचे खरे मोल इथे कळते: पोचल्यावर ती काढून बाहेर लावायची आणि आपल्याच खुर्चीतून, आपल्याच हाताने आत जायचे. मद्रास आयआयटीतल्या टीटीके केंद्रातल्या संशोधनातून आणि निओमोशन या कंपनीतून २०२१ साली निओबोल्ट ही अशी पुढे जोडायची मोटर आली. तिचा कमाल वेग ताशी पंचवीस किलोमीटर आणि एका चार्जिंगमध्ये साधारण तेवढेच अंतर, असे तेव्हा जाहीर झाले. ती माणसाच्या मापाप्रमाणे बनणाऱ्या निओफ्लाय या खुर्चीला जोडायची असते. आधी मापाची खुर्ची आणि मग मोटर, हा क्रम त्यात गृहीत धरलेला आहे. बातम्यांमध्ये मात्र वेगच गाजला.

हा क्रम उलटा करणे ही आपल्याकडची सर्वांत महाग चूक आहे. शिबिरांत वाटली जाणारी, सगळ्यांना एकाच मापाची घडीची खुर्ची ही मुळात रुग्णालयाच्या व्हरांड्यात दुसऱ्याने ढकलण्यासाठी बनवलेली असते. बसणाऱ्याला रुंद झालेल्या खुर्चीत हात बाहेर पसरून चाक गाठावे लागते, आस मागे असल्याने प्रत्येक ढकल अर्धवट राहते, आणि बैठकीचे झोळणे पाठ वाकवते. अशा खुर्चीला मोटर जोडली की दोन गोष्टी होतात. मोटर काढल्यावर खांद्याचा छळ तसाच चालू राहतो, आणि मोटर चालू असताना जो वेग त्या सांगाड्याने कधी सोसायचा नव्हता तो त्याला सोसावा लागतो. जोड दांड्यावर घट्ट बसत नाही, घडीची खुर्ची कचकन हलते, मागे उलटू नये म्हणून लावायची छोटी चाके नसतात. खाली चांगली गादी नसेल तर संवेदना नसलेल्या नितंबांना खड्ड्यांचे हादरे बसतात आणि जखम झाल्याचे दोन दिवसांनी कळते. हातात पन्नास हजार रुपये असतील तर त्यातले बहुतेक आधी मापाच्या, हलक्या खुर्चीवर आणि गादीवर घालावेत आणि मोटर पुढच्या वर्षी घ्यावी, असे मी कोणालाही सांगेन. माप घेण्याचे काम ज्यांचे, ते व्यवसायोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत असेही नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पाऊणशे वर्षांची ही परंपरा असलेल्या शहरात आजही खुर्ची बहुतेकांना वैद्यकीय वस्तूंच्या दुकानातून, न मोजता, घरपोच मिळते याची मला चीड येते.

यावर पहिला आक्षेप डॉक्टर आणि आईवडील दोघांकडून येतो: मोटर दिली की हातांची ताकद जाईल, माणूस परावलंबी होईल. यात थोडे तथ्य आहे आणि ते नाकारू नये. पुढे जोडायच्या मोटरीवर अॅक्सिलरेटर पिळून बसणाऱ्याच्या खांद्यांना खरोखरच काही काम उरत नाही, आणि घरातल्या घरातही तो ती काढत नसेल तर स्नायू सैल पडतील. पण चाके ढकलणे हा खांद्याचा पुरेसा व्यायाम आहे ही समजूत चुकीची आहे. ढकलताना छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू वापरले जातात, पाठीकडचे, सांधा जागेवर धरून ठेवणारे स्नायू दुबळे राहतात, आणि हा असमतोलच दुखण्याचे एक कारण असतो. उत्तर दोन्ही सांभाळण्यात आहे: लांबच्या आणि चढाच्या कामाला मोटर, घरात आणि ऑफिसात हात, आणि वाचलेल्या ताकदीतून आठवड्यातून काही वेळा पाठीच्या स्नायूंचा शिकवलेला व्यायाम. ज्याला हातांची हालचाल राखायचीच आहे त्याच्यासाठी ढकलल्यावरच साथ देणारी चाके आहेतच. आणि परावलंबन म्हणाल, तर चढावर कुणीतरी मागून ढकलावे म्हणून थांबून राहणे हे मोटर वापरण्यापेक्षा कितीतरी मोठे परावलंबन आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: एवढे पैसे घालायचे तर सरळ विजेवर चालणारी खुर्चीच का घेऊ नये? काहींसाठी तेच योग्य आहे आणि तिथे जोडमोटरीचा आग्रह धरणे चूक ठरेल. स्नायू हळूहळू झिजवणारे आजार, मानेच्या वरच्या भागातली इजा, धड ताठ न राहणे, हातांत जोरच नसणे, अशा वेळी पाठ आणि मान सावरणारी, बैठक झुकवता येणारी पूर्ण विजेची खुर्चीच हवी. जोडमोटरीवर आज खर्च करून दोन वर्षांनी ती टाकावी लागण्यात शहाणपण नाही. पण ज्याचे हात चांगले आहेत आणि ज्याच्या घराला तीन पायऱ्या आहेत, त्याच्यासाठी हिशेब वेगळा. विजेच्या भक्कम खुर्चीचे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते, ती पायऱ्यांवरून उचलायला दोन-तीन माणसे लागतात आणि ती रिक्षात जात नाही. बॅटरी संपली किंवा कंट्रोलर बिघडला की माणूस तिथेच अडकतो. जोडमोटर बंद पडली तर ती बाजूला काढून माणूस हाताने घरी येऊ शकतो. दुरुस्तीसाठी सुटा भाग यायला तीन आठवडे लागणाऱ्या जिल्ह्यात हा फरक केवळ सोयीचा राहत नाही, नोकरी टिकण्या-न टिकण्याचा होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो हक्काच्या भाषेत येतो. रस्ते, पदपथ आणि इमारती नीट करणे सरकारचे काम. ते न करता माणसाला मोटर घ्यायला सांगणे म्हणजे सरकारची जबाबदारी त्याच्या खिशावर ढकलणे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे, आणि सुगमतेचे नियम ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असले पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले आहे. हा लढा सोडू नये. पण सगळे पदपथ उद्या आदर्श झाले तरी साताऱ्याचा चढ सपाट होणार नाही आणि रत्नागिरीची घाटी खाली बसणार नाही. नियमाप्रमाणे बांधलेल्या उतरंडीवरही आठ किलोचा जोर लागतोच, हे वर मांडले आहे. चांगला रस्ता आणि चांगले साधन ही दोन वेगळी देणी आहेत. एक फेडले म्हणून दुसरे माफ होत नाही. उलट, साधन मिळाल्याने जास्त माणसे रस्त्यावर दिसू लागली की रस्त्याची मागणी जोर धरते.

आणि मग पैसा. २०२१ साली निओफ्लाय आणि निओबोल्ट मिळून जाहीर किंमत पंचाण्णव हजारांच्या घरात होती. परदेशी साधनांचा खर्च लाखांत जातो. २०११ च्या जनगणनेत देशात हालचालींशी संबंधित अपंगत्व असलेले चोपन्न लाखांवर लोक नोंदले गेले. त्यातल्या बहुतेकांना हे स्वतःच्या कमाईतून जमणारे नाही. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून साधने देते आणि १९७२ साली स्थापन झालेली कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ती बनवते. गंभीर अपंगत्व असलेल्या सोळा वर्षांवरील व्यक्तींना त्यातून मोटरची तीनचाकी मिळते. ती तीनचाकी खेड्यातल्या रस्त्यावर उपयोगी आहे, पण ती दारातून आत येत नाही, म्हणजे स्कूटरचीच अडचण. एका टोकाला साधी खुर्ची, दुसऱ्या टोकाला तीनचाकी, आणि मधल्या माणसाची गरज यादीत ठळकपणे नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. स्थानिक संस्थांनी उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा आहे. या पैशातून एकच वस्तू हजार जणांना वाटण्याऐवजी ठरावीक रकमेपर्यंत मदत मंजूर करावी आणि तपासणीनंतर कोणते साधन घ्यायचे हे त्या माणसाने तज्ज्ञासोबत ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालीच खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्यात तपासणी, मापाला बसवणे, वापरायला शिकवणे आणि नंतरची देखभाल यांना वस्तूइतकेच महत्त्व आहे. आपल्या शिबिरांत यांतली बहुधा एकच पायरी पाळली जाते: वस्तू हातात देणे आणि फोटो काढणे.

सरकार बदलेल तेव्हा बदलेल. आज खरेदी करणाऱ्याने काय पाहावे ते सांगायला हवे. सर्वांत आधी, ती मोटर त्या माणसाला एकट्याने, खुर्चीत बसल्या बसल्या जोडता आणि काढता येते का? दुकानदाराने जोडून दाखवलेली चालणार नाही. ते जमत नसेल तर बाकी सगळे गुण व्यर्थ आहेत. मग आपल्याच खुर्चीवर, आपल्याच रस्त्यावर चाचणी मागावी: रोजचा सर्वांत तीव्र चढ, तोच उतरताना, मध्येच थांबून पुन्हा सुरू करणे आणि शक्य असेल तर जमीन ओली असताना. शोरूमच्या सपाट फरशीवर सगळ्याच मोटरी गुणी असतात. एका चार्जिंगमधले जाहीर अंतर हे सपाट रस्ता, बेताचे वजन आणि नवी बॅटरी धरून सांगितलेले असते. चढाच्या गावात त्याच्या निम्मे धरून हिशेब करावा आणि नव्या बॅटरीची किंमत आजच लिहून घ्यावी. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. विमानात घडीच्या खुर्चीची काढता येणारी लिथियम बॅटरी साधारणपणे तीनशे वॉट-तासांपर्यंतच चालते. छत्तीस व्होल्ट, आठ अँपिअर-तासांची बॅटरी त्यात बसते. अठ्ठेचाळीस व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासांची बसत नाही. कोकणात राहणाऱ्याने पाण्यापासून संरक्षणाची लेखी हमी मागावी. आणि दुरुस्ती कोण, कुठे, किती दिवसांत करणार याचे उत्तर तालुक्याच्या नावासकट घ्यावे.

या चाचणीची सोय वैयक्तिक ग्राहकाच्या हट्टावर सोडू नये. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रांत तिन्ही प्रकारची एक-एक मोटर आणि दोन-तीन मापांच्या खुर्च्या ठेवून, व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आठवडाभर वापरून पाहायला द्यायला हजारो कोटी लागत नाहीत. दिव्यांग कल्याण विभागाने हे काम पुढच्या अर्थसंकल्पात घ्यावे. आणि ज्यांच्या घरात व्हीलचेअर आहे त्यांनी त्याची वाट न पाहता या आठवड्यात एवढे करावे: खुर्चीवरच्या माणसाला खांदा दुखतो का, रात्री त्या कुशीवर झोपताना त्रास होतो का, हे विचारावे, आणि उत्तर हो असेल तर मोटरच्या दुकानात जाण्याआधी जवळच्या रुग्णालयातल्या व्यवसायोपचार विभागात जाऊन खुर्चीचे माप तपासून घ्यावे.